प्रवासाचा शीण

“वाटेत गचके बसले का?” मी नरसय्याला विचारलं.

“नाही मॅडम. पाणी बघा की.” त्यानं स्टिअरिंगशेजारच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीकडे बोट दाखवलं. ती बाटली कोठेकर सरांनी ठेवायला लावली होती. पाणी हिंदकळायला लागलं की गाडी हळू करायची, असा नियम होता.

मी मागचं दार उघडलं. आतून गार हवा अंगावर आली. मंद अंधारात जाळीच्या झाकणांचे खोके नीट रचून ठेवलेले होते आणि त्यांत हैदराबादहून निघालेले पांढरे उंदीर भुश्यात तोंड खुपसून बसले होते. पहिला खोका मी उचलते आहे तोवर मागून दोन हात पुढे आले.

“हात लावू नका!” मी ओरडले.

हात मागे गेले. पन्नाशीचा एक माणूस होता. शर्टाच्या शिवणींमध्ये पीठ बसलेलं, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेपर.

“बाम्ब हाये काय जी त्याच्यात?”

“उंदीर आहेत.”

“उंदीर?” त्यानं वाकून आत पाहिलं. मग गाडीच्या टपावरच्या एसीच्या यंत्राकडे पाहिलं. “यासीत?”

नरसय्या हसला. मी हसले नाही, कारण खोके आत नेईपर्यंत ऊन लागू द्यायचं नव्हतं. दाराशी कोठेकर सर उभेच होते. “आठवडाभर खाणंपाणी देणाऱ्याशिवाय कुणी यांच्या खोलीत जायचं नाही,” त्यांनी नेहमीची सूचना दिली. “प्रवासाचा शीण उतरल्याशिवाय औषध टोचायचं नाही. शिणलेल्या प्राण्यावर केलेला प्रयोग म्हणजे कचरा.”

नागपूरच्या त्या संस्थेत मी एम.एस्सी. होऊन नुकतीच लागले होते. कॅन्सरचं औषध शरीरात कसा प्रवास करतं, हा आमचा विषय. सरांना तो समजावून सांगायची फार हौस होती आणि त्यांचा दाखलाही ठरलेला होता. “औषध म्हणजे एसटीतला प्रवासी. त्याला उतरायचं असतं गाठीपाशी, पण तो हृदयापाशी उतरतो, पोटात उतरतो, जिथे तिथे उतरून गोंधळ घालतो. आम्ही काय करतो? त्याला बंद गाडीत बसवतो आणि गाडीवर पत्ता चिकटवतो.” बंद गाडी म्हणजे चरबीचा अतिसूक्ष्म थेंब. पत्ता म्हणजे त्या थेंबावर बसवलेला, गाठीच्या पेशींना चिकटणारा एक रेणू. थेंब मी बनवायचे, पत्ताही मीच चिकटवायचे. मला ते काम मनापासून आवडायचं.

उंदीर आत ठेवून मी बाहेर आले, तर तो माणूस तिथेच होता. त्यानं पिशवीतून पेपर काढला. पंधरवड्यापूर्वीची बातमी. ‘थेट गाठीवर जाणारे औषध नागपुरात! पाचपट औषध गाठीत, बाकी शरीराला त्रास नाही.’ सरांचा फोटो, आणि त्यांच्या खांद्यामागे माझा अर्धा चेहरा.

“हे तुमीच ना?”

“अर्धी मीच.”

“मी शालिक मेश्राम. पांढरकवड्याच्या अल्याड गाव हाये आपलं. आटाचक्की हाये. आमच्या मंडळीले गाठ हाये इथं.” त्यानं स्वतःच्या छातीला हात लावला. “हे औषध पाह्यजे होतं.”

मी त्यांना सांगायला लागले की हे अजून फक्त उंदरांवर, माणसांपर्यंत यायला बरीच वर्षं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत सर बाहेर आले. पेपर त्यांनी ओळखला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“मैथिली, यांना उन्हात काय उभं केलंस? या शालिकराव, आत या.”

सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. एसटीचा दाखला सांगितला. शालिकभाऊ एकेक शब्द गिळत होते.

“मंग कधी भेटन जी?”

“लवकरच. थोडे टप्पे राहिलेत,” सर म्हणाले. मग थांबून, कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “असं करा, उंदरांची पुढची खेप येईल ना, तीन आठवड्यांनी, त्या सोमवारी बाईंना घेऊन या. बघू आपण.”

त्यांना फाटकापर्यंत सोडायला मी गेले. वाटेत विचारलं, “आता उपचार कुठे चालू आहेत?”

“इथंच, सरकारीत. तीन आठोड्याले एक सलाइन. तीन झाल्या, तीन बाकी हायेत. मागची चुकली.”

“चुकली म्हणजे?”

त्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “सलाइन लावली का तिले ओकाऱ्या लागते. एसटीत चार घंटे. पिशवी घेऊन बसते बिचारी, तोंड दाबून. पन वास तं येतेच ना जी. मांगच्या डावं लोकं लय बोलले. एक बाई म्हने, रोग पसरवता काय. कंडक्टरनं हिंगनघाटच्या पुढं उतरवून देलं. रस्त्यावर. तवापासून ते गाडीतच बसत नाई. म्हने मी मरतो घरी, पन एसटीत नाई बसत.” त्यांनी पेपर पुन्हा पिशवीत घातला. “म्हून हे वाचलं तं म्हनलं, झालं. बाकी अंगाले तरास नाई तं ओकारी नाई. ओकारी नाई तं ते गाडीत बसन.”

“शालिकभाऊ, ती पुढची सलाइन चुकवू नका. आमचं औषध होईल तेव्हा होईल.”

“साहेब तं लवकर म्हनले,” ते म्हणाले.

त्या सोमवारी ते बायकोला, वच्छलाबाईंना, घेऊन आले. त्याच सोमवारी दिल्लीहून समिती आली होती. प्रकल्पाला पुढची पाच वर्षं निधी द्यायचा की नाही, ते ठरवायला आलेले तिघेजण. सरांनी कॅलेंडरकडे का पाहिलं होतं ते मला तेव्हा कळलं.

वच्छलाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. डोक्याला घट्ट फडकं, हातात चिरलेलं लिंबू. कालपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. पोटात काही नसलं म्हणजे गाडीत काही बाहेर येणार नाही, हा त्यांचा हिशेब.

“पाणी आणू?”

“नोको माय. जातानी पुन्हा बसा लागते ना गाडीत.”

सभागृहात सरांचं भाषण रंगात आलं होतं. एसटी, प्रवासी, बंद गाडी, पत्ता. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “दुष्परिणामांचं काय?”

“उंदरांमध्ये उलटीचं एकही लक्षण आढळलेलं नाही,” सर म्हणाले.

हे वाक्य खोटं नव्हतं. पडद्यावर तेच लिहिलेलं होतं आणि तिघांनीही माना डोलावल्या.

मग सरांनी मला खूण केली. मी दोघांना आत आणलं. “हे शालिकराव, या त्यांच्या पत्नी,” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच जड झाला होता. “दीडशे किलोमीटरवरून आलेत, आमच्या औषधाच्या आशेनं. आम्ही कुणासाठी काम करतो, ते आकड्यांत सांगता येत नाही.”

समितीतल्या बाईंनी विचारलं, “कैसी हैं आप?”

“ठीक हूँ,” वच्छलाबाई म्हणाल्या आणि लिंबू पदराआड केलं.

एवढंच. आम्ही बाहेर आलो. समिती जेवायला गेली, तिच्याबरोबर सर गेले. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, “यांना प्रयोगशाळा दाखव, बरं वाटेल त्यांना.”

मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. टेबलावर माझ्या बाटल्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, लालभडक. वच्छलाबाई त्यांच्यासमोर थांबल्या.

“हे तं माहं हाये.”

“काय?”

“हेच लावते ना मले तिकडे. लाल. याचा वास बी मले ओकारी आनते.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमी तं म्हने नवीन हाये.”

शालिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन स्टुलं पुढे ओढली आणि दोघांना बसवलं.

“औषध तेच आहे. त्याला न्यायची रीत नवीन आहे. शालिकभाऊ, समजा तुम्ही एक पोतं पीठ वाऱ्यावर उधळलं आणि त्यातलं चिमूटभर नेमक्या एका डब्यात पडलं. आत्ता तसं होतं. आमच्या रीतीनं पाच चिमट्या पडतात.”

“अन् बाकीचं पोतं?”

“बाकीचं असंच सगळीकडे.”

“पेपरात तं पाचपट होतं.”

“पाचपटच आहे ते.”

त्यांनी मनात माप घेतलं असावं. बराच वेळ बोटं एकमेकांवर चोळत बसले. मग ज्याच्यासाठी आले होते ते विचारलं. “मंग ओकारीचं काय? साहेब आता म्हनले ना, उंदराईले नाई झाली.”

“उंदरांना ओकताच येत नाही.”

“म्हंजे?”

“त्यांची शरीररचनाच तशी आहे. विष घातलं तरी उंदीर ओकत नाही. त्यामुळे हे औषध घेऊन माणसाला उलटी होईल की नाही, ते आम्हाला माहीत नाही. उंदरांवरून ते कळणारच नाही.”

शालिकभाऊंचं तोंड उघडंच राहिलं. आणि वच्छलाबाई हसायला लागल्या. इतक्या वाळलेल्या शरीरातून एवढं हसू येईल असं वाटलं नव्हतं.

“ऐकलं काय? उंदीर ओकत नाई म्हने!” त्यांनी डोळे पुसले. “अन् यासीच्या गाडीत कोन येते? उंदीर. तुमीच सांगत होते ना घरी, उंदराईले यासी हाये म्हून? माय, तू असं कर. त्याईले एसटीनं आन, कोनी काई म्हननार नाई. अन् मले बसव त्या गाडीत.”

शालिकभाऊ कानकोंडे झाले. “काईबी बोलते. मनावर घेऊ नोका मॅडम.”

पण मी घेतलं. ती गाडी दर तीन आठवड्यांनी सोमवारी यायची. नरसय्या मुक्काम करून मंगळवारी दुपारी रिकामा परत जायचा, हैदराबाद रस्त्यानं, म्हणजे पांढरकवड्यावरूनच. वच्छलाबाईंची सलाइनही दर तीन आठवड्यांनीच. रक्ताची तपासणी सोमवारी, सलाइन मंगळवारी सकाळी. येताना त्या एसटीनं आल्या तरी चालण्यासारखं होतं. प्रश्न जाण्याचा होता, आणि जाणारी गाडी रिकामी होती. इतकं सरळ उत्तर प्रयोगशाळेत मला कधी मिळालं नव्हतं.

“वच्छलाबाई, घरी जायला गाडी मिळाली तर उरलेल्या सलाइनी घ्याल?”

“एसटी नसन तं घेईन ना. मले का मराची हौस हाये?” त्या म्हणाल्या. “पोरीचं लगन व्हाचं हाये.”

नरसय्या फाटकाशी झाडाखाली डबा खात होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, “आपण तिकडूनच जातो. बसू द्या की. खोके ठेवायच्या फळीवर गादी टाकली की झोपून जाईल अम्मा. फक्त सरांना विचारा.”

सर जेवून आले ते आनंदात होते. समितीचा कल चांगला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मैथिली, तू बस आधी. ती गाडी फक्त प्राण्यांसाठी निर्जंतुक केलेली असते. केमो घेतलेला पेशंट तिच्यात ओकला, तर पुढच्या खेपेचं काय? एक उंदीर आजारी पडला तर सगळी खेप फेकावी लागते. तीन महिन्यांचं काम गेलं.”

“परत गेल्यावर धुवून घेता येईल सर. तसंही दर वेळी धुतातच.”

“परवान्यात काय लिहिलंय? प्राणी. अपघात झाला तर जबाबदार कोण?”

“मग परवानगी मागू या. मी अर्ज लिहिते.”

सरांनी चष्मा काढला. “आणि समज, मिळाली परवानगी. एका आजारी बाईला आपण उंदरांच्या गाडीतून घरी पाठवायचं? जनावरासारखं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?”

ते खरंच दुखावले होते. त्यांनी पाकीट काढून त्यातली एक नोट माझ्या हातात ठेवली. “त्यांना म्हणावं, चांगल्या बसनं जा.”

मी ती नोट शालिकभाऊंना दिली. त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली. “साहेबाले आभारी हाये म्हना. पन असं एकडाव करून भागत नाई ना जी. अन् बस ते बसच.”

वच्छलाबाईंना माझ्या तोंडाकडे पाहूनच सगळं कळलं असणार. उलट मलाच म्हणाल्या, “जाऊ दे माय. मी तं मजाक केली होती.”

तरी आलाच आहात तर ही एक घ्या, अशी गळ घालून मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त दिलं. रात्री दोघं तिथल्याच व्हरांड्यात राहिली. मंगळवारी सकाळी त्यांना सलाइन लागली. मी गेले तेव्हा लाल नळीकडे पाठ करून, डोळे मिटून पडल्या होत्या. तिथल्या बाटलीवरचं नाव मी वाचलं. माझ्या टेबलावरच्या बाटलीवर तेच होतं. औषध थेंब थेंब शिरेत उतरत होतं, आणि ते पुढे कुठे कुठे जाणार, कितव्या मिनिटाला यकृतात पोहोचणार, हे मला पाठ होतं.

दुपारी मी त्यांना स्टँडवर पोचवलं. खिडकीची जागा मिळाली. मी कंडक्टरला सांगायला गेले, की त्या आजारी आहेत, जरा सांभाळून घ्या. वच्छलाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझी ओढणी धरली.

“नोको सांगू माय. आतापासूनच पाहत राह्यतीन सारे.”

गाडी सुटली. तोंडाला पदर लावून त्या समोर बघत होत्या. शालिकभाऊंनी तेवढा हात हलवला.

पुढच्या खेपेच्या सोमवारी मी व्हरांड्यातल्या बाकाकडे बघत राहिले. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मग एक दिवस चक्कीच्या फोनवर फोन लावला. पलीकडे पट्ट्याचा फटफट आवाज येत होता.

“शालिकभाऊ, मी मैथिली देवतळे. नागपूरहून. वच्छलाबाई कशा आहेत?”

आवाज थोडा कमी झाला. ते चक्कीपासून दूर गेले असावेत.

“गेली जी ते. शिमग्याच्या आंधी.”

“सलाइनीला परत आल्या नाहीत?”

“नाई आली.”

“त्या दिवशी गाडीत पुन्हा कुणी उतरवलं का?”

“नाई, नाई. कोनाचं नाव नाई घेत. या डावं कोनी काईच म्हनलं नाई. कंडक्टर बी चांगला होता. तेच सोताहून उतरली. मळमळाले लागलं तसं उठून उभी राह्यली अन् म्हने, थांबवा. मी म्हनलं, बस, कोनी काई म्हनत नाई. तं म्हने, म्हनाच्या आंधीच उतरलेलं बरं. मंग रस्त्यावर बसलो आमी. दुसऱ्या गाडीत बसलीच नाई. सांजच्याले एका ट्रॅक्टरवाल्यानं नेलं. ट्रालीत.”

पट्ट्याचा आवाज तसाच चालू होता.

“ठेवतो मॅडम. दळन लागलं हाये.”

निधी मंजूर झाला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमचा शोधनिबंध एका चांगल्या नियतकालिकाकडे गेला आणि महिन्याभरात परीक्षकाचा अभिप्राय आला. काम उत्तम आहे, आकडेवारी निर्दोष आहे, असं लिहून त्यानं एकच आक्षेप घेतला होता. प्राण्यांच्या वाहतुकीची माहिती दिलेली नाही. प्रवासाच्या शिणामुळे गाठीची वाढ आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद, दोन्ही बदलू शकतात. सबब प्रवास किती तासांचा होता, गाडीतलं तापमान किती होतं, हादरे कसे टाळले आणि औषध देण्यापूर्वी किती विश्रांती दिली, हे लेखकांनी स्पष्ट करावं.

“बरोबर विचारलंय त्यानं,” सर म्हणाले. “खरा परीक्षक आहे हा. मैथिली, तू लिही. वाहतुकीचं सगळं तुझ्याकडेच असतं.”

मी लिहिलं. गाडी वातानुकूलित होती. तापमान बावीस अंश राखलं होतं. हादरे कमीत कमी राहतील अशा वेगानं गाडी चालवली होती. पोहोचल्यावर आठवडाभर पूर्ण विश्रांती दिली होती आणि त्या काळात कोणताही उपचार केला नव्हता. प्रवासात किंवा प्रवासानंतर एकाही प्राण्याला त्रास झाल्याचं आढळलं नाही.

सरांनी ते दोनदा वाचलं.

“एक शब्दही बदलायला नको,” ते म्हणाले.

तो मजकूर आजही तसाच छापलेला आहे.